कठड्यातील डाळिंबकळी : बलस्टर बसवताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

पुण्यात बंगल्यांच्या गच्च्यांवर, सोसायट्यांच्या प्रवेशद्वारांपाशी आणि मंगल कार्यालयांच्या दर्शनी भागात बुटक्या, पोट सुटलेल्या खांबांचे कठडे सर्रास दिसतात. बाजारात त्यांना बलस्टर म्हणतात. त्यांच्याविषयीच्या तक्रारीही ठरलेल्या असतात : मानेपाशी पडलेले तडे, रंगातून उतरणारे तांबूस ओघळ, हात लावताच हलणारी रांग. यांतील बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे हे खांब निव्वळ शोभेचे असून ते कसेही बसवले तरी चालतात.

सर्वांत उघड आणि तरीही सर्वांत वारंवार होणारी चूक म्हणजे बलस्टर उलटा बसवणे. येथे नावाची व्युत्पत्ती थेट कामाला येते. डाळिंबाच्या फुलाला ग्रीक भाषेत ‘बालाउस्टिऑन’ म्हणत. तोच शब्द लॅटिन, इटालियन आणि फ्रेंच असा प्रवास करीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजीत आला. खांबाच्या आकाराचे साम्य आहे ते डाळिंबाच्या फळाशी नव्हे, तर अर्धवट उमललेल्या फुलाशी. फळ धरणारे डाळिंबाचे फूल देठाकडे फुगीर असते, पुढे ते आवळत जाते आणि टोकाशी पाकळ्या फाकतात. ते देठ खाली करून उभे धरले की बलस्टरचा नेमका आराखडा दिसतो : पोट खाली, मान वर आणि त्यावर पसरट माथा. त्यामुळे गवंड्याने पोट वरच्या बाजूस ठेवले असेल, तर सिमेंट घट्ट होण्यापूर्वीच तो बलस्टर काढून सुलटा करून घ्यावा.

याला एक अपवाद आहे. इटलीतील प्रबोधनकाळाच्या आरंभी दोन समान फुगवटे एकावर एक ठेवलेला, खालून-वरून सारखाच दिसणारा बलस्टर रूढ होता. एका फुगवट्याचा, कलशासारखा प्रकार त्यानंतर प्रचलित झाला. दुहेरी प्रकारात वर-खाली असा प्रश्न उरत नाही. मात्र जुन्या रांगेतील चार-दोन नग तुटले म्हणून दुहेरी फुगवट्यांच्या ओळीत एकेरी नग घुसडणे ही वेगळीच चूक होय. एक शाबूत नग उतरवून त्यावरून साचा करून घ्यावा. लाकडी असेल तर तो कातारीकडे, म्हणजे चरकावर लाकूड घडवणाऱ्या कारागिराकडे, नमुना म्हणून द्यावा. फोटो दाखवून बनवलेला नग क्वचितच जुळतो.

जिन्यावर आणखी एक गफलत होते. वरचा दांडा उतरता असतो म्हणून बलस्टरही त्याच कोनात कलते बसवले जातात. बलस्टर नेहमी ओळंब्यात उभा हवा. उताराची जुळणी बैठकीत आणि माथ्यात करायची असते.

पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या बाबतीत मात्र प्रकरण अधिक गंभीर होते, कारण तेथे हाच आकार कठडा सोडून खऱ्या भारवाही खांबात शिरला आहे. शाहजहानच्या काळात युरोपीय चित्रांतून आणि छापील नमुन्यांतून मुघल कारागिरांनी हा फुगीर खांब उचलला, त्याला पानांची बैठक दिली आणि आग्रा व दिल्ली येथील राजवास्तूंत वापरला. पुढे त्याच घडणीचे सागवानी खांब पेशवाईतील वाड्यांत आले. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जात ते आजही पाहता येतात. आपल्याकडे त्यांना सुरूचे खांब म्हणतात. हा सुरू म्हणजे फारसी कवितेतील सडपातळ ‘सर्व’ वृक्ष, अर्थात सायप्रस. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याची बने दिसतात तो सुरू वेगळा आणि परदेशातून आलेला. ‘सुरूचा खांब’ हे नाव आकाराचे आहे, लाकडाचे नाही. तरीही दुरुस्तीच्या वेळी काही जण सुरूचे लाकूड शोधू लागतात, तेव्हा हवे असते ते जुने, मुरलेले सागवान. पाडलेल्या वाड्यांचे असे लाकूड जुन्या सामानाच्या बाजारात कधी कधी मिळून जाते, पण ते घेण्यापूर्वी टोकाशी ठोकून पोकळपणा तपासावा.

या खांबांना शोभेचे समजून रांगेतील एखादा काढून टाकणे, किंवा दुकानाचे दार रुंद करण्यासाठी त्याची बैठक तासणे, म्हणजे वरच्या तुळईवर घाला घालणे होय. तुळईला तात्पुरते टेकू दिल्याशिवाय खांबाला हात लावू नये. त्याहून सावकाश होणारे, म्हणूनच अधिक फसवे नुकसान फरशीमुळे होते. वाड्यातील लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे पायाखालच्या दगडी बैठकीवर, उभा असतो आणि त्यामुळे त्याचे लाकूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहते. जुन्या फरशीवरच नवी फरशी टाकत गेल्याने जमीन वर येते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय थेट सिमेंटला टेकतो. मग ओल चढते, वाळवी लागते आणि वरून रंगवलेला खांब आतून भुसा होत जातो. खांबाभोवतीची फरशी कापून तळखडा पुन्हा मोकळा करणे हाच त्यावरचा पहिला उपाय आहे. वाळवीचे औषध नंतर. माझ्या मते कोणत्याही वाड्याची पाहणी नक्षीपासून नव्हे, तळखड्यापासून सुरू करावी.

ऑइल पेंटच्या थरांखाली बुजलेली नक्षी उघडी करताना ज्योतीचा वापर टाळावा, कारण पानांच्या पातळ कडा आधी जळतात. कॉस्टिक सोडा सागवान काळे पाडतो. रंग सुटवणारे द्रावण, लाकडी किंवा बांबूची पट्टी आणि भरपूर धीर यांवर भागवावे, आणि शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा.

सिमेंटच्या बलस्टरचा शत्रू त्याच्या पोटातच असतो. मध्ये घातलेली साधी सळई मानेपाशी सर्वांत कमी सिमेंटने झाकलेली असते; पावसाळ्यात पाणी मुरले की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटते. तांबूस ओघळ ही त्याचीच पहिली सूचना होय. अशा तड्यात पांढरे सिमेंट भरून वरून रंग देणे निरर्थक आहे, कारण गंज आत वाढतच राहतो. सैल काँक्रीट काढून सळई चकचकीत होईपर्यंत घासावी, तिला गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने भरावे. सळईच बारीक झाली असेल तर नग बदलावा. नवे नग घेताना स्टेनलेस किंवा जस्तलेपित सळईचा आग्रह धरावा. कठड्याच्या वरच्या भागाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार आणि खालून पाणी गळून पडेल अशी खाच ठेवली, तर पाणी बलस्टरच्या मानेवर झिरपत नाही.

अंतर मोजण्यातली चूक जिवावर बेतू शकते. बलस्टरची पोटे जवळजवळ टेकलेली दिसली तरी मानेपाशी फट बरीच मोठी असते, म्हणून माप तेथेच घ्यावे. ब्रिटनच्या इमारत नियमांनुसार लहान मुलांचा वावर असलेल्या घराच्या कठड्यातून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये. आपल्या घरीही हेच माप लावायला हरकत नाही. शिवाय खालची पट्टी आणि पोटाचा फुगवटा मुलांना पाय ठेवायला आयतीच पायरी देतात, त्यामुळे कठड्याची उंची फरशीपासून न मोजता जिथे पाय टेकू शकतो त्या पातळीपासून मोजावी. जुना कठडा या कसोटीस उतरत नसेल तर तो तोडण्याची गरज नसते. आतील बाजूस, बलस्टरना भोके न पाडता, जमिनीत आणि भिंतीत रोवलेली बारीक उभ्या गजांची स्वतंत्र चौकट बसवावी.