मेढ्यातला पाऊस मला दिसलाच नाही

साताऱ्यात वळीव आला की आधी टीव्ही जायचा, मग लाइट. बाबा गच्चीवर जाऊन डिश हलवायचे. डिशचा काही दोष नव्हता, हे मला एम.एस्सी.च्या रडारवरच्या प्रोजेक्टमध्ये कळलं.

मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने पाऊस टिपणारा एक्स-बँड रडार बसवला होता, त्याची आकडेवारी माझ्याकडे होती. मे महिन्यातली एक दुपार. रडारच्या चित्रात वाईवर लालभडक ढग, म्हणजे जोरदार पाऊस, आणि त्यामागे मेढा कोरडा ठणठणीत. मी तसाच नकाशा रंगवला. संध्याकाळी मेढ्याच्या मावशीला सहज फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, कोरडं कसलं! अंगणात घोटाभर पाणी होतं."

वळीव डिशची खायचा, तशी वाईच्या पावसानेच माझ्या रडारची रेडिओ लहर खाल्ली होती. एक्स-बँडची तरंगलांबी सुमारे 3 सेंटिमीटर. ताशी 50 मिलिमीटरच्या पावसात ही लहर किलोमीटरमागे साधारण दीड डेसिबल (लहरीची ताकद किती पटीने घटली ते मोजायचं एकक) गमावते. असा पाऊस 5 किलोमीटर पसरला असेल तर साडेसात. मी इथेच थांबले होते. पण रडारची लहर जाते तशी परतही येते, आणि तक्त्यांतले आकडे एकेरी वाटेचे असतात. म्हणजे 15 डेसिबल: बत्तिसावा हिस्सा हाती उरतो. 10 सेंटिमीटरच्या एस-बँडला त्याच पावसात पाव डेसिबलचाही फटका बसत नाही, पण त्याला अँटेना अवाढव्य लागते.

म्हणून हवामानाच्या रडारवर काम करू पाहणाऱ्यांनी सॉफ्टवेअरआधी डेसिबलची गणितं वहीवर करावीत. 3 म्हणजे निम्मं, 10 म्हणजे दहावा भाग, हे तोंडपाठ हवं. हवेतल्या वायूंचं शोषण थोडक्यात उरका: पाण्याची वाफ 22 गिगाहर्ट्झजवळ आणि ऑक्सिजन 60 जवळ लहर गिळतो, एक्स-बँड या दोन्हींपासून दूर, त्याला त्रास किरकोळ. खरा वेळ पावसाला द्या. मग पायथनमधलं पाय-आर्ट हे रडारची आकडेवारी हाताळणारं सॉफ्टवेअर उघडा, ते फुकट आहे.

दुहेरी ध्रुवीकरणाचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारा रडार असेल तर त्या लहरींच्या कलेतला (फेज) फरक, म्हणजे एक दुसरीच्या किती मागे पडली ते, आधी बघा. लहर क्षीण झाली तरी हा फरक टिकतो, त्यावरून तूट भरून काढता येते. मात्र संकेत गोंगाटाखाली बुडाला की तोही उपाय संपला. तिथे पर्जन्यमापकच विचारायचा, नाहीतर मावशी.

त्या नकाशात मेढा मी आता पांढरा सोडत नाही. करडा रंगवते आणि सूचीत लिहिते: 'माहिती नाही'.