नॉर्दर्न सोलमध्ये नव्यानं येताय? आधी स्वस्त रेकॉर्ड्स घ्या

शिकायला किंवा नोकरीला मँचेस्टर, लीड्स, शेफील्डकडे आलेली मराठी मुलं-मुली अधूनमधून विचारतात, की नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे जुन्या अमेरिकी सोल गाण्यांवर नाचायच्या, रात्रींना यायचंय, जमलं तर पुढे डीजे म्हणूनही उभं राहायचंय, तर सुरुवात कुठून करायची? पाठोपाठ पैशांचा प्रश्न येतोच. एकेका रेकॉर्डची किंमत हजारो पौंड असते असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि हे आपल्या खिशाला झेपणारं नाही अशी समजूत झालेली असते. मी बोल्टनला राहते, नोकरी सांभाळून बरीच वर्षं या प्रकारात आहे, आणि माझ्या पेटीतल्या निम्म्याहून जास्त रेकॉर्ड्स दहा ते तीस पौंडांतल्या आहेत. त्यांच्यावर लोक नाचतात. ज्यांवर नाचत नाहीत अशा महागड्या रेकॉर्ड्सही मी पुष्कळ ऐकल्यात.

ज्यांच्या कानावर हे नाव पहिल्यांदा पडतंय त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९६०च्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फियासारख्या अमेरिकी शहरांत मोटाउन या डेट्रॉइटच्याच रेकॉर्ड कंपनीच्या यशाकडे बघून असंख्य छोट्या कंपन्यांनी सोल गाणी काढली. गाणारे बहुतेक कृष्णवर्णीय, पैसा तुटपुंजा, जाहिरात जवळजवळ नाहीच. बरीच गाणी तिथेच पडली. त्यातली जलद, ठसठशीत ठेक्याची गाणी उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या पोरांनी उचलली आणि त्यांवर रात्ररात्र नाचायला सुरुवात केली. डेव्ह गोडिन या लंडनच्या दुकानदार-लेखकानं त्याला नॉर्दर्न सोल म्हटलं. नावातली ‘उत्तर’ ही दिशा इंग्लंडची आहे, अमेरिकेची नव्हे. नाचाच्या या जागांपैकी मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील १९७१ मध्ये बंद पडलं. मग स्टोकजवळचं गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूल मेक्काची हायलँड रूम, आणि सगळ्यात गाजलेलं विगन कसिनो: २३ सप्टेंबर १९७३ ला सुरू, डिसेंबर १९८१ मध्ये बंद. तिथे रात्रभर दारू मिळत नसे. झोप उडवणाऱ्या गोळ्या मात्र फिरत, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता डीजेंच्या वागण्याबद्दल, कारण आजचे सगळे वाद तिथूनच आलेत. दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड ज्याच्याकडे, त्याच्याकडे गर्दी. त्यामुळे अमेरिकेत जाऊन गोदामं उपसायची, हाती लागलेल्या रेकॉर्डच्या लेबलावर कागद चिकटवायचा आणि भलत्याच गायकाचं नाव जाहीर करायचं, ही पद्धतच पडली. याला कव्हर-अप म्हणतात. फ्रँक विल्सनचं १९६५ चं ‘डू आय लव्ह यू’ विगनला वाजलं ते एडी फॉस्टर या नावानं. मोटाउनच्याच सोल या लेबलवरच्या त्याच्या अगदी मोजक्या प्रती शिल्लक आहेत, आणि त्यांतली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणारे काका तबकडी कुठून आणली ते मरेपर्यंत सांगत नसत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की काकांनी बालगंधर्वांचं नाव कधी बदललं नाही.

मला ते कव्हर-अपचं प्रकरण पूर्वी गमतीचं वाटायचं. आता कमी वाटतं. गाणारा माणूस डेट्रॉइटमध्ये दुसरंच काही काम करून पोट भरतोय, इकडे हजार पोरं त्याच्या आवाजावर उड्या मारतायत, आणि त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. १९८० नंतर हे हळूहळू बदलत गेलं. केंट या लेबलनं १९८२ पासून रीतसर हक्क घेऊन जुनी गाणी, कधीच न निघालेली ध्वनिमुद्रणंसुद्धा, बाजारात आणली. लंडनच्या हंड्रेड क्लबातली रात्र, तीही याच मंडळींची. हयात गायकांना विमानाचं तिकीट पाठवून बोलावणं आणि साठेक वर्षांपूर्वीचं पडलेलं गाणं पाठ असलेल्या गर्दीसमोर उभं करणं, हे आता वीकेंडर्सना, म्हणजे शनिवार-रविवार चालणाऱ्या मेळाव्यांना, नेहमीचं झालंय. त्या गायकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

नव्या माणसाला सगळ्यात आधी आडवा येतो तो ओव्हीओचा नियम, म्हणजे फक्त मूळ छापाच्याच रेकॉर्ड्स वाजवायच्या. जाहिरातीवर ही तीन अक्षरं असली तर तो नियम पाळायचाच, तिथे वाद नको. रेकॉर्ड शोधण्यात आयुष्य घालवलेल्या लोकांची ती रात्र असते. पण कुणी तुम्हाला ‘पूर्वीपासून हे असंच आहे’ असं ऐकवलं तर मनातल्या मनात हसा. विगनमध्येच एमिडिस्क, म्हणजे मूळ रेकॉर्डवरून कापून घेतलेल्या तात्पुरत्या तबकड्या, सर्रास वाजायच्या आणि नाचायला आलेली पोरं तिथेच चोरछाप विकत घ्यायची.

माझा हिशेब साधा आहे. चोरछाप, म्हणजे बूटलेग, कुठेच नको, कारण त्यात गायकाला दमडी मिळत नाही. पण दोन हजार पौंड मोजून मूळ प्रत घेतली तरी गायकाला दमडी मिळत नाही. पैसे दलालाकडून संग्राहकाकडे आणि संग्राहकाकडून दलालाकडे फिरत राहतात. रीतसर पुनर्मुद्रणातून मात्र थोडंफार तरी हक्कदारांपर्यंत पोचतं. त्यामुळे पबच्या वरच्या मजल्यावर, विद्यापीठाच्या सोसायटीत, कुणाच्या वाढदिवसाला पुनर्मुद्रण खुशाल वाजवा. हे माझं मत ऐकून माझ्याशी बोलणं टाकलेले दोघेतिघे आहेत. तरी मत तेच आहे.

मधला एक रस्ता आहे, तो फार कमी लोक सांगतात. १९७०च्या दशकात ही लाट बघून ब्रिटिश कंपन्यांनी जुनी अमेरिकी गाणी रीतसर परत काढली. ब्लॅक मॅजिक, पाय (Pye) या कंपनीचं डिस्को डिमांड, नंतर ग्रेपव्हाइन अशी लेबलं. डोबी ग्रेचं ‘आउट ऑन द फ्लोअर’ ब्लॅक मॅजिकवर १९७५ मध्ये आलं आणि ती रेकॉर्ड आजही स्वस्तात मिळते. ही त्या काळातलीच छपाई, स्वतःचा इतिहास असलेली. पेटीची सुरुवात इथून करा.

अमेरिकी रेकॉर्ड्सकडे वळाल तेव्हा हात आणि कान दोन्ही तयार करावे लागतात. पंचेचाळीस फेऱ्यांची सात इंची तबकडी हातात घेतली की आधी नखानं कडेला हलकी टिचकी मारा. व्हिनाइलचा आवाज बोजड येतो. स्टायरीनचा कोरडा, चढा, प्लॅस्टिकच्या डबीसारखा. स्टायरीनवर लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं, कडेला नख फिरवलं की कळतं. स्टायरीन वाईट नसतं, पण नाजूक असतं. जड सुई आणि पुढेमागे फिरवून गाण्याची सुरुवात शोधायची डीजेंची सवय, यांनी पहिले काही सेकंद कायमचे खरवडले जातात. दिव्याखाली तबकडी चकचकीत दिसते आणि लावल्यावर पहिल्या ढोलालाच तळणीसारखा चर्र आवाज येतो. विकणाऱ्याला सुरुवातीचाच भाग वाजवून दाखवायला सांगा, मधला नको.

मग शेवटच्या खाचेपलीकडची गुळगुळीत पट्टी बघा. तिथे आकडे असतात, काही यंत्रानं ठोकलेले, काही हातानं कोरलेले. कोरलेले दिसले म्हणजे लगेच बनावट असं नाही. त्या गाण्याच्या खऱ्या प्रतीवर काय होतं ते आधी माहीत हवं. फोनवर खऱ्या प्रतीचा फोटो उघडून शेजारी धरा. लेबलावरची बारीक अक्षरं फुगलेली, पुसट दिसली तर ते लेबल फोटोवरून छापलंय असं समजा. अमेरिकेतून मागवत असाल तर किमतीवर २० टक्के व्हॅट आणि टपालखर्च आधीच धरा, नाहीतर पंधरा पौंडांची रेकॉर्ड घरी येईपर्यंत तिशी गाठते.

बायकांबद्दल विचाराल तर, नाचात त्या पहिल्यापासून होत्या, डेक्समागे, म्हणजे रेकॉर्ड लावायच्या यंत्रांमागे, फार थोड्या. मी पेटी घेऊन हॉलमध्ये शिरले की ‘या रेकॉर्ड्स नवऱ्याच्या का?’ असं पूर्वी विचारलं जायचं, तेही अगदी प्रेमानं. हल्ली जाहिरातींवर बायकांची नावं असतात, वीस-पंचविशीतल्या मुली स्वतःच्या रात्री चालवतात. माझ्यासारखा चेहरा अजूनही दुर्मीळच आहे. गायक कृष्णवर्णीय आणि सभागृह जवळजवळ सगळं गोरं, ही विसंगती नव्या पिढीतली मुलं उघडपणे बोलतात. जुन्यांपैकी काहींना ते खटकतं, काही विचारात पडतात. तरी एक सांगते, माझा पहिला मुक्काम कुठल्याशा वर्किंग मेन्स क्लबात पडला तेव्हा सत्तरीतल्या अनोळखी जोडप्यानं मला टेबलावर जागा दिली आणि प्रत्येक गाण्याचं लेबल कानात सांगितलं. हे अजूनही घडतं.

नाचायच्या जागेत पेला घेऊन जाऊ नका, फरशी ओलांडायची असेल तर कडेकडेनं जा. पाय सहज घसरावेत म्हणून कोपऱ्यात टाल्कम पावडर टाकलेली असते. काही ठिकाणी आता मनाई आहे. डीजेच्या नजरेतून ती पावडर त्रासदायकच, उडून सुईवर बसते. दर चारपाच गाण्यांनी ब्रश फिरवा.

डेक्समागचं काम दिसतं त्याहून सोपं आणि वेगळं आहे. इथे दोन गाण्यांचे ठेके जुळवायचे नसतात. गाणं अडीच मिनिटांचं, तासाला वीस-बावीस लागतात, दुप्पट घेऊन जा. मोठ्या भोकाच्या अमेरिकी रेकॉर्ड्ससाठी अडॅप्टर स्वतःचे न्या, दोन्ही डेक्सचे. प्रत्येक कारखान्याची छपाई कमीजास्त आवाजाची असते, म्हणून पुढची रेकॉर्ड हेडफोनवर ऐकून आवाज आधीच बसवा. आणि माइक हातात घ्या. गायक, गाणं, लेबल, एवढं स्पष्ट बोला. बरेच नवे डीजे लाजून गप्प राहतात. इथे लोकांना नाव ऐकायचं असतं, आणि कव्हर-अपचा जमाना गेल्यावर ते न सांगायला कारणही उरलेलं नाही.

पहिली संधी मागायची तर आयोजकाला थेट यादी पाठवू नका. त्याच्या रात्रींना सहाआठ महिने जा, नाचा, खुर्च्या उचलायला मदत करा. मग तोच विचारतो. मानधन म्हणाल तर पेट्रोलचे पैसे सुटले तरी पुष्कळ. आणि जागा मिळेल ती संध्याकाळी आठची, हॉलमध्ये दहा माणसं, त्यातली चार कोट काढतायत. त्या वेळेला नाक मुरडू नका. अकराला सगळ्यांना ओळखीचे स्टॉम्पर, म्हणजे धडधडत्या ठेक्याची गाणी, हवे असतात. आठला तुम्ही संथ लयीची, कुणी न ऐकलेली, आठ पौंडांची गाणी लावू शकता. लवकर येणारे बहुतेक संग्राहक असतात. त्यातला एखादा उठून डेक्सपाशी येतो आणि चष्मा वर करून फिरतं लेबल वाचायला लागतो. त्याला वाचू द्या, आणि रेकॉर्ड थांबली की हातात द्या.