पुयी दोन आहेत : फ्रेंच वाइन घेताना या चुका टाळा

पॅरिसच्या एका दुकानातून मी पुयी-फ्विसेची बाटली आणली, तेव्हा मला खरं तर हवी होती पुयी-फ्यूमे. रंग तोच, नावं सख्ख्या बहिणींसारखी, किंमतही जवळपास तीच. संध्याकाळी शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर ती उघडली आणि ज्या लिंबासारख्या तरतरीची मी वाट बघत होते ती आलीच नाही. ग्लासात होती भरदार, सायीसारखी वाइन. ती बिघडलेली मुळीच नव्हती. गाव वेगळं होतं.

फ्यूमे ल्वार नदीकाठची, सोविन्यों ब्लां द्राक्षाची. फ्विसे बरगंडीच्या दक्षिण टोकाची, शार्दोनेची. फ्रेंच वाइनच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच दिसतं. आपण लेबलवर द्राक्ष शोधतो आणि तिथे लिहिलेलं असतं गाव. देवगडचा म्हटलं की हापूस वेगळं सांगावं लागत नाही, तसं शाब्ली म्हटलं की शार्दोने आणि पांढरी सॉन्सेर म्हटलं की सोविन्यों ब्लां. कुठल्या गावाच्या नावाने कुठलं द्राक्ष चालेल, ते कुठल्या हद्दीत पिकलं पाहिजे, ही व्यवस्था 1935 साली कायद्याने उभी राहिली. अल्सासचे उत्पादक मात्र द्राक्षाचं नाव ठळक छापतात. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. बाकी गावं हळूहळू पाठ होतात, एका वेळी एक.

शॅम्पेनच्या लेबलवरही एक शब्द हमखास फसवतो. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड असेल असं वाटतं, पण ती ‘ब्रूत’ लिहिलेल्या शॅम्पेनपेक्षा गोड असते. ब्रूतमध्ये लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूत देऊ नका, केकच्या गोडापुढे ती नुसती आंबट लागते. केकसाठी दमी-सेक घ्या, 32 ते 50 ग्रॅमची.

‘ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही’

हा समज मला मनापासून खटकतो. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या बागेतलं. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं निळं बोर्डो मिश्रण मी लहानपणापासून बघत आले. पावसाळ्यात बाबांच्या शर्टाच्या बाह्या कायम निळसर असत. त्यातलं बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्डो, हे मला फार उशिरा कळलं. तिथे मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारेजाणारे तोडून खात, म्हणून शेतकरी त्या वेलींवर हे निळं मिश्रण शिंपडून ठेवत. नेमक्या त्याच वेलींची पानं केवडा रोगातून वाचतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या नजरेत भरलं आणि 1885 साली त्यांनी हा उपाय जाहीर केला.

आजही फ्रान्समधल्या ऑरगॅनिक बागांची केवड्यावरची मुख्य भिस्त मोरचुदात असतं त्या तांब्यावरच आहे. तांबं मातीत साठून राहतं, जमिनीतल्या जीवांना बाधतं. म्हणून युरोपीय नियमाने सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. ओल्या वर्षात एवढ्यात बाग सांभाळणं किती अवघड असतं, हे द्राक्षवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या शेतकऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच ‘काहीच फवारत नाहीत’ असं त्यांच्या नावावर खपवू नये असं वाटतं.

वाइन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फाइटचंही तसंच. ऑरगॅनिक वाइनमध्येही ते असतं, फक्त मर्यादा कमी असते. कोरड्या लाल वाइनला लिटरमागे एरवी 150 मिलिग्रॅम, ऑरगॅनिकला 100. ‘एचव्हीई’ हे पर्यावरणपूरक शेतीचं फ्रेंच प्रमाणपत्र तर ऑरगॅनिकचं नाहीच, त्यात रासायनिक औषधं चालतात. ऑरगॅनिकच हवी असेल तर ताऱ्यांनी रेखलेलं पान असलेलं हिरवं युरोपीय चिन्ह शोधा. आणि जड बाटली म्हणजे भारी वाइन हा हिशेब सोडा. काच जितकी जड तितकं ती बनवायला आणि वाहून न्यायला इंधन जास्त. शॅम्पेनवाल्यांनीही 2010 मध्ये आपली बाटली 900 ग्रॅमवरून 835 वर आणली.

बाटली खरंच बिघडली आहे का?

बुचाखाली साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक आहेत. बुचाचे तुकडे तरंगत असतील तर गाळून घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला मात्र बुचाचा दोष समजा आणि बाटली दुकानात परत करा. लाल वाइन नुसती दारूसारखी झोंबत असेल तर ती बहुधा गरम झालेली असते. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे मे महिन्यातली पुण्याची खोली नव्हे, 16-17 अंश. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

लाल वाइन आणि चीज, डोळे मिटून

सॉन्सेरला लागून शाविन्योल नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या एका तळघरात लाकडी फळीवर गावचं चीज मांडलं होतं. छोट्या लाडवाएवढं, वर निळसर बुरशी, सुरी घातली की आत खडूसारखं पांढरं, ठिसूळ. तुकडा जिभेवर ठेवून सॉन्सेरचा घोट घेतला. दोघांचा आंबटपणा एकमेकांत विरला आणि मागे ओल्या काजूगराची चव उरली. त्याच चीजवर बोर्डोची लाल घेऊन पाहिली, तर तोंड कोरडं आणि कडवट झालं. लाल वाइनमधला तुरटपणा मऊ, खारट चीजशी सहसा जुळत नाही. जुळणी सुचत नसेल तर एकाच मुलखातली वाइन आणि खाणं घ्या. समुद्राकाठच्या म्युस्कादे या पांढऱ्या वाइनबरोबर कालवं, ज्युरामधल्या पिवळ्या वाइनबरोबर तिथलंच कोंते चीज.

तिखटाच्या बाबतीत चूक जास्त महागात पडते. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली बोर्डो तांबड्या रश्श्याबरोबर काढली, तर तुरटपणा आणि अल्कोहोल मिळून तिखटाचा जाळ वाढवतात आणि वाइनची चवही हरवते. तिथे ल्वारकाठची किंचित गोड वूव्रे घ्या, दमी-सेक लिहिलेली. ती शेनिन ब्लां द्राक्षाची असते. नाशिककडे जी शेनिन होते तिचं मूळ गाव हेच, ल्वारचं खोरं. एकदा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून, थंड करून, मधे कोळंबीचं तिखलं ठेवून बघा.