मोजणीच्या यंत्राची बॅटरी कशी निवडावी, कशी जपावी

मे महिन्यात इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टोटल स्टेशनने, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्राने, मोजणी करताना पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद गाडीत तर त्याहून कितीतरी वर जातो. लिथियम-आयन बॅटरीला सगळ्यात जास्त मारते ती ही उष्णता. आमच्या पोरांना मी रोज सांगतो: जादा बॅटऱ्या डॅशबोर्डवर नकोत, सावलीतल्या पिशवीत ठेवा. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. हाताला गार लागली की मगच. ४५ अंशांच्या वर चार्जिंग नाहीच.

घेताना एमएएचच्या, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या, मोठ्या आकड्यावर भाळू नका. त्याच आकाराच्या पॅकवर मूळ बॅटरीच्या दुप्पट क्षमता छापली असेल, तर तो आकडा खोटा समजा. उत्पादनाची तारीख बघा. दोन सेलचा ७.४ व्होल्टचा पॅक पूर्ण भरल्यावर मल्टिमीटरवर साधारण ८.४ दाखवतो. पण खरी परीक्षा टोटल स्टेशनवरच: नवी बॅटरी दिवसभर चालवून बघा, मगच दुसरी घ्या.

पावसाळ्यात काम थांबलं की बॅटऱ्या यंत्रातून काढून निम्म्या चार्जवर ठेवा आणि अधूनमधून तपासा. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ टर्मिनलवर बसते, ती कोरड्या सुती कापडाने पुसा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका. थेट ई-कचऱ्यात द्या.