दाबोळीच्या हवाई तळावर कामाला जाण्याआधी

नौदलात जायची तयारी करणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा वैमानिकच असतो. गोव्यात दाबोळीला असलेल्या नौदलाच्या 'आयएनएस हंसा' या हवाई तळावर एकेका विमानामागे जमिनीवर राबणारे हात कितीतरी जास्त असतात, आणि त्यांची रोजची लढाई खाऱ्या वाऱ्याशी असते.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांनी बांधलेली. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या हवाई दलाने तिच्यावर बॉम्बफेक केली. हंसा मात्र त्याआधीच, ५ सप्टेंबर १९६१ रोजी, तमिळनाडूत सुलूरला सुरू झाला होता, 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरच्या सी हॉक विमानांसाठी. १९६४ मध्ये तो दाबोळीच्या सड्यावर आला. पुढे सी हॅरियर ही लढाऊ विमानं आली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली. आता मिग-२९के ही लढाऊ विमानं आणि समुद्रावर टेहळणी करणारी पी-८आय इथे आहेत. विमानवाहू नौकेसारखा, विमान उडताना लागणारा चढ आणि विमानाला अडवणारी पोलादी तार जमिनीवरच उभारलेली आहे. त्याच तारेवर १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसची नौदल आवृत्ती पहिल्यांदा उतरली.

आता मुख्य काम. समुद्रावरून कमी उंचीवरून उडून आलेल्या विमानावर मिठाचा थर बसतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी स्क्रू असेल आणि मध्ये खारं पाणी शिरलं, तर झीज ॲल्युमिनियमची होते: पांढरी भुकटी दिसते, रंगाखाली फुगे येतात. म्हणून विमान गोड्या पाण्याने धुवायचं. साबण खालून वर लावायचा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. पाणी वरून खाली मारायचं. पोटाखालची निचऱ्याची भोकं तुंबली असतील तर सगळी धुलाई फुकट जाते, पाणी आतच साचतं. धुण्याने बिजागऱ्यांचं ग्रीसही जातं, ते लगेच पुन्हा भरायचं.

धुण्याआधी हवेचा दाब मोजणारी छिद्रं झाकतात. ती नंतर उघडली का, हे दुसऱ्या माणसाने हात लावून पाहायलाच हवं. १९९६ मध्ये पेरूच्या एका प्रवासी विमानावर अशी चिकटपट्टी राहून गेली. वैमानिकांना उंची आणि वेग चुकीचे दिसू लागले, विमान समुद्रात पडलं आणि सत्तरही जण गेले.

बुटाच्या तळात अडकलेला जांभ्याचा खडासुद्धा इंजिनाची पाती मोडू शकतो. टार्मॅकवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरशीवर, पाऊल ठेवण्याआधी बुटांचे तळ पाहा. हत्यारं मोजून घ्यायची, मोजून परत ठेवायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, मग कितीही उशीर होवो.

नौदलात अग्निवीर एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीनंतरची भरती) होण्यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. पुरुषांना १.६ किलोमीटर धावायला साडेसहा मिनिटं मिळतात. निवड झाली की आधी ओडिशातलं आयएनएस चिल्का हे प्रशिक्षण केंद्र. विमानांचं तांत्रिक शिक्षण कोचीला. बारावीत धातूंच्या विद्युत-रासायनिक श्रेणीचा धडा नीट करा. गंज का चढतो ते त्यातच आहे.