मालीच्या माणसाच्या घरी जेवायला बोलावलं तर

पॅरिसला लागून मोंत्रई आहे ना, तिथे माली ह्या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाच्या लोकांची इतकी जुनी आणि मोठी वस्ती आहे की तिथे राहणारं कुणीतरी कधी ना कधी तुम्हाला जेवायला बोलावणारच. बरेचजण मूळचे मालीतल्या 'काय' (Kayes) नावाच्या प्रांतातले सोनिंके जमातीचे, बाकी बंबारा वगैरे जमातींचे, पण बंबारा भाषा बहुतेकांना समजते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ख्यालीखुशाली. दारातून आत गेल्या गेल्या कामाचं बोलू नका प्लीज. सकाळी 'इ नि सोगोमा', संध्याकाळी 'इ नि वुला', मग समोरचा विचारणार रात्र नीट गेली का, घरचे बरे आहेत का, मुलं कशी आहेत, आणि प्रत्येकाला शांतपणे उत्तर देऊन तुम्हीही तेच सगळं परत विचारायचं. नमस्कार स्वीकारताना पुरुष 'न बा' म्हणतात आणि बायका 'न से', एवढं जरी जमलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

आडनाव विचारा, बिनधास्त. तिकडे आडनावांची मस्करीची नाती असतात, म्हणजे त्राओरे आणि जारा, किंवा केइता आणि कुलिबाली, हे एकमेकांना पहिल्याच भेटीत 'तू तर चवळी खाणारा' म्हणून चिडवतात आणि त्यावर कुणी रागवायचं नसतं. ह्या नात्यामुळे भांडणं मिटवणं सोपं जातं, म्हणून मला ही प्रथा फार मोलाची वाटते. पाहुण्यालाही बरेचदा एखादं आडनाव देऊन टाकतात, दिलं तर आनंदाने घ्या, आता तुम्हालाही चिडवणार.

जेवण एकाच मोठ्या भांड्यात येतं, भात आणि शेंगदाण्याचा रस्सा, ज्याला तिगादेगेना म्हणतात. हात धुवून उजव्या हाताने, फक्त आपल्या समोरचंच खायचं. मधल्या मटणाला हात घालू नका, यजमान स्वतःच तुकडे तोडून तुमच्याकडे सरकवतात.

नंतर चहा. चायनीज ग्रीन टी छोट्या किटलीत बराच वेळ उकळतात, उंचावरून ग्लासात ओततात, परत किटलीत, परत ग्लासात, फेस येईपर्यंत. त्याच पत्तीचे तीन राउंड होतात, पहिला एकदम कडू आणि मग साखर वाढत वाढत तिसरा गोड, ह्यात दोन तास सहज जातात म्हणून पुढचं काही ठरवूनच ठेवू नका. गप्पा मारायला विषय हवा असेल तर गावच्या मंडळाबद्दल विचारा, इथे वर्गणी काढून 'काय' प्रांतातल्या आपापल्या गावात शाळा, दवाखाने, पाण्याची सोय केली आहे ह्या लोकांनी, आणि त्याबद्दल ते अगदी भरभरून बोलतात.

भेट म्हणून चहाची पत्ती आणि साखर न्या, घरात म्हातारी माणसं असतील तर कोला नट्स, म्हणजे तिकडे चघळतात त्या कडवट बिया. निघताना तडक उठायचं नाही, यजमानाकडे 'वाट' मागायची, म्हणजे निघायची परवानगी, तो अर्धी वाट देतो म्हणजे परत यायचंय असा अर्थ, आणि बहुतेक वेळा रस्त्यापर्यंत सोडायलाही येतो, त्याला नको म्हणू नका.