जपानी घडीचा पडदा आपल्या घरात कसा उभारावा
साताऱ्याच्या पेठांमधील जुन्या घराचा लांबट सोपा किंवा सांगलीत विश्रामबागेतील फ्लॅटचा हॉल विभागायचा असेल, तर प्लायवूडचे कायमचे पार्टिशन ठोकण्यापूर्वी जपानी ब्योबूचा, म्हणजे घडीच्या पडद्याचा, विचार अवश्य करावा. लाकडी पट्ट्यांच्या हलक्या जाळीवर कागदाचे थर चिकटवून केलेली ही दोन, चार किंवा सहा पाने घडी घालून दुसऱ्या खोलीत सहज नेता येतात.

खरेदीआधी मापाचा हिशेब करावा, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. ब्योबू सरळ रेषेत उभा राहत नाही. नागमोडी घडीवरच त्याचा तोल असतो. दोन फुटी सहा पानांचा पडदा पसरला तर बारा फूट भरतो, परंतु पानांमध्ये काटकोन ठेवल्यास तो साडेआठ फूटच जागा अडवतो आणि खोलीत सुमारे सतरा इंच पुढे येतो. कोन १२० अंशांचा ठेवल्यास लांबी साधारण साडेदहा फूट मिळते आणि पडदा एकच फूट पुढे येतो. अरुंद सोप्यात म्हणूनच दीड फुटी चार पाने पुरेशी होतात. पडदा ताणून सपाट करण्याचा मोह मात्र टाळावा. पंख्याच्या झोतानेही तो कोसळू शकतो.

सांधा नीट पाहावा. जुन्या जपानी कारागिरांनी धातूऐवजी कागदी पट्ट्या आलटून पालटून पुढून आणि मागून चिकटवल्या, त्यामुळे पान दोन्ही बाजूंना वळते, फट राहत नाही आणि चित्र एका पानातून दुसऱ्यात सलग जाते. स्थानिक सुताराकडून पडदा करून घेणार असाल, तर दोन्ही बाजूंना उघडणारी बिजागरीच मागावी. साध्या बिजागरीने तो एकाच दिशेला दुमडेल.

सोनेरी वर्खाचा पडदा खिडकीसमोर नव्हे, तर तिच्या बाजूच्या भिंतीलगत ठेवावा. अंधाऱ्या दालनात तिरपा उजेड परतवणे हे त्या वर्खाचे मोठे काम होते, आणि आपल्या माजघरातही तो ते चोख करतो. १७व्या शतकातील जपानी चित्रकार सोतात्सूच्या वायुदेव आणि मेघगर्जनेच्या देवाच्या जोडपडद्यावर दोन्ही देव दोन टोकांना आहेत, मधली सारी जागा नुसते सोने आहे. असा रिकामेपणा हेच चित्राचे बळ असल्याने पडद्यापुढे शोकेस, कुंड्या किंवा सोफा दाटीने मांडू नये. माझ्या मते एक बैठक आणि एक समई एवढे पुरे. चित्र उजवीकडून डावीकडे पाहण्याची जपानी रीत आहे, म्हणून येण्याजाण्याची वाट शक्यतो उजवीकडे ठेवावी.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची असते. साताऱ्यात आषाढ-श्रावणात बाहेरची भिंत ओल धरते, त्यामुळे पडदा तिच्यापासून वीतभर दूर, लाकडी पट्टीवर उभा करावा. खळीच्या वासाला कसर लागते, म्हणून पानांच्या मागची बाजू दर पंधरवड्याला कोरड्या, मऊ ब्रशने झाडावी. सांगलीच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने ताणलेला कागद फाटू शकतो. कूलरचा दमट झोतही त्यावर घेऊ नये. ठेवणीत टाकताना चित्रे आत राहतील अशी घडी घालून सुती कापडात गुंडाळावे आणि पडदा उभाच ठेवावा. प्लास्टिकमध्ये बांधल्यास आतली ओल कागदावर बुरशी आणते.